डिझेल मोटारीतील टर्बोचार्जर : बिघाड आणि किफायतशीर दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुतांशी शोधांचा आणि शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एखादे यंत्र कोणी, केव्हा व कोठे तयार केले याची नोंद सापडते. परंतु तेच यंत्र वापरात आल्यानंतर कसे बिघडले, ते कोणी दुरुस्त केले, त्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसला आणि तो कमी करण्यासाठी कोणते मार्ग शोधले गेले, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात ही उणीव दाखवून दिली आणि देखभालीला तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरणाचे स्थान दिले. त्या दृष्टीने पाहता डिझेल मोटारीतील टर्बोचार्जर हा अभ्यासाचा एक उत्तम विषय ठरतो. ज्या भागामुळे डिझेल मोटार सर्वसामान्य कुटुंबाची झाली, तोच भाग निकामी झाल्यावर त्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडते. आठ-दहा वर्षे वापरलेल्या मोटारीचा टर्बोचार्जर अधिकृत विक्रेत्याकडून नवा बसवायचा झाला, तर तो खर्च मोटारीच्या उरलेल्या किमतीच्या डोळ्यांत भरेल एवढा मोठा हिस्सा असतो. कित्येक मोटारी केवळ या एका भागापायी भंगारात गेल्या.

प्रस्तुत लेखात या भागाचा उगम, मोटारीत झालेला त्याचा प्रवेश, त्याच्या बिघाडांचे स्वरूप आणि स्वस्तात तो बदलण्याच्या पद्धतींची वाटचाल यांचा आढावा घेण्यात आला आहे. युरोपातील १.६ लिटर ‘डीव्ही ६’ या डिझेल इंजिनाचे उदाहरण विशेष तपशिलाने घेतले आहे, कारण महाग भाग कोणता आणि खरा दोष कोठे, या दोन प्रश्नांची उत्तरे किती वेगळी असू शकतात हे त्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

उगम : विंटरथूर ते बाल्टिक समुद्र

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचा जन्म १८७९ साली विंटरथूर या औद्योगिक नगरात झाला. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी ऊर्जा धुरावाटे वाया जाते, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. त्या धुराच्या वेगाने एक चक्र फिरवावे, त्याच शाफ्टवर दुसरे चक्र बसवून बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक इंधन जाळता येईल, हा ब्युखी यांचा विचार होता. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. कल्पना साधी असली तरी धुराच्या उष्णतेत टिकणारा धातू आणि त्या वेगाला पुरे पडणारे बेअरिंग त्या वेळी उपलब्ध नव्हते. प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष वापरात येण्यास त्यामुळे जवळजवळ वीस वर्षे जावी लागली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ऑगस्ट रातो यांनी विमानाच्या इंजिनासाठी हे तत्त्व वापरून पाहिले, आणि १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर ‘लिबर्टी’ इंजिनाची चाचणी घेतली. विरळ हवेतही इंजिनाची शक्ती टिकते, हे त्या चाचणीने सिद्ध झाले. डिझेल इंजिनाच्या बाबतीत पहिले मोठे यश मात्र पाण्यावर मिळाले. ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी इंजिनांना १९२० च्या दशकाच्या मध्यावर ब्युखी पद्धतीचे टर्बोचार्जर बसवण्यात आले आणि त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. १९३८ मध्ये साउरर या स्विस कारखान्याने मालमोटारीच्या इंजिनाला टर्बोचार्जर बसवला. १९५४ साली अमेरिकेतील गॅरेट कंपनीने टर्बोचार्जरसाठी आपला औद्योगिक विभाग वेगळा काढला, तो मुख्यतः कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांची मागणी पुरवण्यासाठी.

या सर्व कालखंडात टर्बोचार्जर जेथे बसवला गेला तेथे इंजिनाजवळ माणूस होता. जहाजावर इंजिनघरातील अभियंता, खाणीवरील ट्रॅक्टरपाशी कंपनीचा फिटर. तेलाचा दाब, धुराचा रंग, आवाजातील बदल यांकडे कोणाचे तरी लक्ष असे. हा भाग खासगी मोटारीत आला तेव्हा ते लक्ष ठेवणारे कोणीच उरले नाही. पुढील बिघाडांच्या इतिहासाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

दोन पूर्वसूचना :

मोटारींच्या संदर्भात दोन जुन्या घटना येथे नोंदवणे उचित होईल. १९५२ सालच्या इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बोचार्जर बसवलेली डिझेल गाडी फ्रेड अगाबाशियन यांनी चालवली आणि पात्रता फेरीत सर्वांत अव्वल स्थान मिळवले. डिझेल गाडीने असे स्थान मिळवणे ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र एकाहत्तराव्या फेरीत गाडी बाहेर पडली. टर्बोचार्जरची चक्रे शाबूत होती. धावपट्टीवर पडलेले टायरांच्या रबराचे कण हवेच्या तोंडाशी साचून ते तोंडच बंद झाले होते.

दुसरी घटना पेट्रोल मोटारीची आहे, पण बोध तोच. १९६२ साली जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल शाखेने ‘जेटफायर’ ही मोटार बाजारात आणली. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या टर्बो आवृत्तीबरोबर ती टर्बोचार्जर असलेल्या पहिल्या सार्वजनिक विक्रीच्या मोटारींपैकी एक होती. तिच्या इंजिनात अकाली स्फोट होऊ नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे, आणि त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरणे आवश्यक होते. अनेक मालकांनी ती भरली नाही. अखेरीस कंपनीने अनेक मोटारींतील टर्बोचार्जर काढून तेथे साधे कार्बोरेटर बसवून दिले. दोन्ही घटनांत चक्रे, शाफ्ट वा बेअरिंग यांची रचना चुकली नव्हती. बाहेरून आत जाणारे काहीतरी, अथवा आत जायला हवे ते न जाणे, हे कारण होते. पुढील अर्धशतकात हेच पुन:पुन्हा घडले आणि तरीही प्रत्येक वेळी दोष टर्बोचार्जरच्याच माथी मारला गेला, हे विशेष.

घरगुती मोटारीत प्रवेश :

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मोटार कंपन्यांवर सरासरी इंधनवापराची मर्यादा घातली आणि ती १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाली. मोठ्या मोटारी विकणाऱ्या मर्सिडीज-बेंझला ही मर्यादा जाचक होती. त्यावर उपाय म्हणून तिने उत्तर अमेरिकेसाठी १९७८ मध्ये ‘३०० एसडी’ ही पाच सिलिंडरी टर्बो-डिझेल मोटार आणली. टर्बोचार्जरविना ८० अश्वशक्तीचे असलेले तीन लिटरचे इंजिन त्यामुळे सुमारे ११५ अश्वशक्तीपर्यंत गेले. लगेच १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजोने ‘६०४’ ही टर्बो-डिझेल मोटार युरोपात विक्रीस ठेवली. १९८२ मध्ये फोक्सवॅगन गोल्फची टर्बो-डिझेल आवृत्ती आली, १९८९ मध्ये आउडीने इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणारे अडीच लिटरचे इंजिन आणले, आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून कॉमन रेल पद्धत रस्त्यावर आली. त्यानंतर टर्बोचार्जर नसलेली नवी डिझेल मोटार युरोपात दुर्मीळ झाली. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

या वाटचालीत टर्बोचार्जर लहान होत गेला आणि लहान होताना अधिक नाजूक झाला. लहान मोटारीतील टर्बोचार्जरचा शाफ्ट मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. एका टोकाच्या चक्रावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसचा धूर आदळत असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची थंड हवा असते, आणि या दोहोंच्या मध्ये पेन्सिलीएवढा शाफ्ट केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याचे बेअरिंग धातूवर धातू टेकून चालणारे नसते. तेल हेच बेअरिंग होय असे म्हटले तरी चालेल. तेलाचा प्रवाह काही सेकंद जरी खंडित झाला तरी धातू धातूला घासतो, शाफ्टला प्ले येतो, चक्राची पाती घराच्या भिंतीला लागतात, आणि मग शिट्टीसारखा आवाज, निळा धूर व गेलेली ताकद ही सर्वपरिचित लक्षणे दिसू लागतात.

१९९० च्या दशकात आणखी एक गुंतागुंत वाढली. धुराच्या मार्गात हलती पाती बसवून कमी वेगातही पुरेसा दाब मिळवण्याची रचना प्रचारात आली. तिचे फायदे निर्विवाद होते. परंतु शहरातल्या संथ चालीत काजळी साचून ही पाती अडकतात आणि संगणक इंजिनाची शक्ती आपोआप कमी करतो. अशा वेळी बेअरिंग, शाफ्ट, चक्रे सर्व ठणठणीत असूनही ‘टर्बो गेला’ असे निदान होते. पाती साफ करून किंवा निर्वात पंपाची फाटलेली एक रबरी नळी बदलून जे काम भागले असते, त्यासाठी पूर्ण भाग बदलला जातो. किफायतीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा अपव्यय होय.

डीव्ही ६ चे उदाहरण :

१९९८ मध्ये पेजो-सित्रोएन समूह आणि फोर्ड यांच्यात डिझेल इंजिने एकत्र विकसित करण्याचा करार झाला. त्यातून प्रथम १.४ लिटरचे आणि त्यानंतर २००३-०४ मध्ये १.६ लिटरचे इंजिन तयार झाले. फ्रेंच मोटारींवर त्याचे नाव ‘एचडीआय’, फोर्डवर ‘टीडीसीआय’. पेजो २०६ व ३०७, सित्रोएन सी४, फोर्ड फोकस, माझदा ३, व्होल्वो व्ही५०, इतकेच नव्हे तर काही वर्षे मिनी कूपर डी या मोटारीतही तेच इंजिन होते. हलके, काटकसरी, शांत. खरेदी करणाऱ्यांनी ते मनापासून स्वीकारले.

काही वर्षांनी या मोटारी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्या आणि तक्रारी येऊ लागल्या. टर्बोचार्जर निकामी होत होते, ही त्यातली अर्धीच गोष्ट. नवा टर्बोचार्जर बसवल्यावर तोही थोड्याच दिवसांत, कधी काही किलोमीटरांतच, निकामी होत असे. तिसरा बसवला तरी तेच. भाग पुरवणारे म्हणत बसवणाऱ्याची चूक, बसवणारे म्हणत भाग खराब, आणि मालक दोघांनाही पैसे देत राही.

कारणाचा शोध लागला तो टर्बोचार्जरमध्ये नव्हे, तर इंजिनाच्या माथ्यावर. सोळा व्हॉल्व्हच्या या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो. तो झिजला किंवा नीट बसलेला नसला की ज्वलनाचा वायू त्याच्या कडेने वर झिरपतो. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो आणि काजळी तेलात मिसळते. इंजिनात मावणारे तेल चार लिटरांहून कमी, आणि कंपनीने तेल बदलण्यासाठी सांगितलेले अंतर २०,००० किलोमीटरच्या घरात. एवढ्याशा तेलाने एवढ्या अंतरात एवढी काजळी वाहून नेणे शक्य नव्हते. भरीस भर म्हणजे तेलपात्राचा आकार असा की बूच उघडून तेल सोडले तरी काही गाळ तळाशी राहून जाई.

हे घट्ट झालेले तेल टर्बोचार्जरकडे ज्या बारीक नळीतून जाते, तिच्या पोकळ बोल्टमध्ये जाळीची एक लहानशी गाळणी होती. घाण टर्बोचार्जरपर्यंत पोहोचू नये म्हणून ती बसवलेली. पण काजळीने तीच बुजली की घाणीबरोबर तेलही थांबले. रक्षणासाठी ठेवलेली चौकी अखेर रसद तोडणारी ठरली, असे याचे वर्णन करता येईल. जुना टर्बोचार्जर काढून नवा बसवला तरी जाळी तीच, नळी तीच, तेलपात्राच्या तळाचा गाळ तोच. साहजिकच शेवटही तोच. पुढे सुधारित नळ्या आल्या, आणि भाग पुरवणाऱ्यांनी हमी देण्यापूर्वी कामाची एक यादीच बंधनकारक केली. तेलाची नळी व बोल्ट नवे, तेलपात्र उतरवून साफ केलेले, तेलपंपाच्या तोंडाची जाळी धुतलेली, इंजेक्टरचे वॉशर बदललेले, इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढून टाकलेले, फिल्टर व तेल नवे, आणि शेवटी टर्बोचार्जरमधून परत येणारे तेल एका भांड्यात धरून ठरलेल्या वेळात ठरलेली मात्रा जमते की नाही याची चाचणी. ही शेवटची चाचणी विशेष उल्लेखनीय आहे. तिला एक स्वच्छ बाटली आणि घड्याळ यांपलीकडे काहीही लागत नाही. तरीही ती न केल्यामुळे किती टर्बोचार्जर वाया गेले असतील, याची गणती करणे कठीण.

येथे किफायतीचा प्रश्न नव्या स्वरूपात समोर येतो. वरील कामांतील सर्व सुटे भाग मिळून टर्बोचार्जरच्या किमतीपुढे नगण्य आहेत. वेळ मात्र भरपूर लागतो, आणि गॅरेजमध्ये वेळ म्हणजेच मजुरी. स्वस्तात काम करून देण्याची अट घातली की सर्वप्रथम हीच मजुरी कापली जाते. म्हणजे जो खर्च वाचवला तर दुसरा टर्बोचार्जर घ्यावा लागतो, तोच खर्च ग्राहक आणि गॅरेज दोघेही संगनमताने वाचवतात.

सुट्या भागांचे अर्थकारण :

टर्बोचार्जर स्वस्तात बदलण्याचे मार्ग गेल्या काही दशकांत चार प्रकारे विकसित झाले. कंपनीच्या वेष्टनातील पूर्ण नवा भाग हा सर्वांत महाग. मूळ उत्पादकानेच आपल्या नावाने खुल्या बाजारात विकलेला तोच भाग त्याहून कमी किमतीत मिळतो, कारण टर्बोचार्जर मोटार कंपनी स्वतः बनवत नाही. गॅरेट, बोर्गवॉर्नर, मित्सुबिशी, आयएचआय अशा मोजक्या कंपन्या ते बनवतात. हा दुसरा मार्ग खुला होण्यामागे कायद्याचाही हात आहे. युरोपीय आयोगाने २००२ साली लागू केलेल्या १४०० क्रमांकाच्या नियमावलीने सुटे भाग बनवणाऱ्यांना ते स्वतंत्र गॅरेजांना थेट विकण्याची मुभा सुरक्षित केली आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध करून देणे आवश्यक ठरवले. २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमावलीने हीच दिशा पुढे चालवली.

तिसरा मार्ग पुनर्निर्मितीचा. जुना टर्बोचार्जर पूर्ण उलगडून धुतला जातो, बेअरिंग, सील व झिजलेले शाफ्ट बदलले जातात, फिरणारा संच अतिवेगाच्या यंत्रावर तोलला जातो आणि हलत्या पात्यांची जुळणी हवेच्या प्रवाहावर तपासली जाते. या व्यवहारात ग्राहकाने आपला जुना भाग परत द्यायचा असतो आणि तोवर त्याच्याकडून अनामत घेतली जाते. निकामी टर्बोचार्जर हे एके काळी भंगार होते. या पद्धतीमुळे ते भांडवल बनले. ओतीव लोखंडाची घरे क्वचितच खराब होतात, खराब होतो तो मधला फिरता संच, या साध्या निरीक्षणावर हा संपूर्ण उद्योग उभा आहे.

चौथा मार्ग म्हणजे फक्त तो मधला संच विकत घेऊन आपल्या जुन्या घरात बसवणे. बाजारात त्याला कार्ट्रिज किंवा कोअर म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चीनमध्ये बनलेले असे संच मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि किंमत एकदम खाली आली. त्यांचा दर्जा मात्र एकसारखा नाही. टर्बाइनचे चक्र निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूचे असावे लागते. ते कशाचे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. तोल साधलेला आहे की नाही हेही हाताने फिरवून कळत नाही. शिवाय हलत्या पात्यांच्या टर्बोचार्जरमध्ये संच बदलल्यावर पात्यांची मर्यादा पुन्हा लावावी लागते, ती केवळ अंदाजाने लावली तर एकतर ताकद कमी पडते किंवा दाब प्रमाणाबाहेर जाऊन शाफ्ट अतिवेगाने फिरतो. हलती पाती नसलेल्या साध्या टर्बोचार्जरला तोललेला चांगला कार्ट्रिज बसवणे ही रास्त काटकसर आहे, परंतु हलत्या पात्यांच्या बाबतीत चाचणीपत्रासह येणारा पुनर्निर्मित भाग घेणे अंतिमतः स्वस्त पडते, असा निष्कर्ष या सर्व अनुभवातून निघतो. भंगारातील मोटारीचा वापरलेला टर्बोचार्जर हाही एक पर्याय असतो. पण ज्या तेलाने तो आधीच्या मोटारीत चालला त्याचा इतिहास कोणालाही ठाऊक नसतो.

भारतातील वाटचाल :

भारतीय मोटारींत टर्बो-डिझेलचा प्रवेश मुख्यतः महाराष्ट्रातील कारखान्यांतून झाला. पुण्याच्या टाटा कंपनीने १९९७ मध्ये ‘सिएरा’ची टर्बो आवृत्ती आणि १९९८ मध्ये ‘सफारी’ आणली. २००२ मध्ये महिंद्राची ‘स्कॉर्पिओ’ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी ह्युंदाईने ‘अ‍ॅक्सेंट’मध्ये कॉमन रेल डिझेल इंजिन दिले. टाटा ‘इंडिका’ १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आली तेव्हा तिचे डिझेल इंजिन टर्बोचार्जरविना होते, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावातला मेस्त्री ते खोलून बांधू शकत असे, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण मानावे लागेल. पुढे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन भारतात बनू लागले. सुझुकीच्या मानेसर येथील आणि फियाटच्या रांजणगाव येथील कारखान्यांतून निघालेले हे इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा अनेक नावांच्या मोटारींत बसवले गेले. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत डिझेलचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले होते. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील मोठी तफावत हे त्याचे उघड कारण होते.

डीव्ही ६ च्याच घराण्यातील १.४ लिटरचे इंजिन फोर्डच्या ‘फिएस्टा’ मोटारीतून २००५ मध्ये आणि ‘फिगो’तून २०१० मध्ये भारतात आले. त्याचा टर्बोचार्जर हलत्या पात्यांविना, साध्या रचनेचा होता. मल्टिजेट इंजिनाच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीतही असाच साधा टर्बोचार्जर असून ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत हलत्या पात्यांचा होता. जुनी मोटार घेताना हा फरक क्वचितच विचारात घेतला जातो. पंधरा अश्वशक्तीच्या त्या फरकात पुढील दुरुस्तीच्या खर्चाचाही फरक दडलेला असतो.

भारतात डिझेलच्या दुरुस्तीची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. मालमोटारी, ट्रॅक्टर व पाण्याचे पंप यांच्यामुळे इंधनपंप आणि नोझल दुरुस्त करणारी दुकाने लहान शहरांतही होती. टर्बोचार्जरची दुरुस्ती याच दुकानांच्या आधाराने वाढली. तथापि अतिवेगावर तोल साधणारे यंत्र महाग असल्यामुळे ते सर्वांकडे नसते, आणि जेथे नसते तेथे संच हाताने जुळवून दिला जातो. त्यातही सुट्या भागांच्या उपलब्धतेचा प्रश्न होताच. मोटार कंपन्या सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, या २०११ मधील तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निर्णय दिला आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली व वाद न्यायालयांत पुढे चालू राहिला. पण स्वतंत्र गॅरेजचा प्रश्न हा केवळ मेस्त्रीच्या पोटापाण्याचा नसून ग्राहकाच्या हक्काचा आहे, हे प्रथमच अधिकृतपणे मांडले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारी व त्यांची उपकरणे हे क्षेत्र त्यात समाविष्ट होते.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. मल्टिजेट इंजिनाचे भारतातील उत्पादनही त्याच सुमारास संपले. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारींचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या इंजिनांच्या लाखो मोटारी मात्र त्यानंतरही रस्त्यावर राहिल्या, आणि त्यांपैकी बहुतेक आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, अधिकृत सेवाकेंद्राच्या कक्षेबाहेर आहेत. या मालकांच्या दृष्टीने तेल वेळेपूर्वी बदलणे, लांबच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवणे आणि टर्बोचार्जर बदलण्याची वेळ आलीच तर जुना भाग दुकानदाराच्या हवाली करण्यापूर्वी त्याच्या तेलाच्या नळीचे तोंड उजेडात धरून पाहणे, या बिनखर्ची गोष्टी आहेत. नळीच्या तोंडाशी काळा खडा अडकलेला दिसला, तर नव्या भागाची पावती फाडण्याआधी तेलपात्र उतरवण्याचे काम गॅरेजला सांगावे लागते.